विष्णुशास्त्री चिपळूणकर : परंपरेचा कैवारी, आधुनिक संस्थांचा संस्थापक (थ्रेड)

१/ जानेवारी १८७४. पुण्यातील एक तेविशीतला शिक्षक ‘निबंधमाला’ नावाचे मासिक सुरू करतो. पुढे त्याचे ८४ अंक निघतात आणि मराठी गद्याला नवे वळण लागते. हे विष्णुशास्त्री चिपळूणकर (१८५०–१८८२), आधुनिक महाराष्ट्रातील परंपरावादी विचाराचे आद्य प्रवक्ते.

२/ लोकहितवादींनी ‘शतपत्रां’तून स्वसमाजाच्या दोषांवर कठोर प्रहार केले होते. चिपळूणकरांचा सवाल असा : ज्या समाजाला आपल्या भाषेची आणि इतिहासाची लाज वाटू लागते, तो स्वतःला सुधारणार कोणत्या बळावर?

३/ येथे एडमंड बर्क आठवतो. शतकानुशतके घडलेली समाजरचना एका पिढीच्या तर्काने मोडू नये, हे त्याने १७९० मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीवर लिहिताना मांडले. मात्र बर्कची परंपरा आणि त्याची राजसत्ता एकाच देशातली होती. चिपळूणकरांच्या डोक्यावर परकी सत्ता होती. त्यामुळे परंपरेचा कैवार घेता घेता ते राज्यकर्त्यांच्या विरोधात उभे राहिले. त्यांचा अखेरचा निबंध ‘आमच्या देशाची स्थिती’ सरकारने १९१० मध्ये जप्त केला. ही बंदी १९३७ मध्ये उठली.

४/ परंपरावादी म्हणजे नव्याचा शत्रू, हा समज येथे टिकत नाही. सरकारी नोकरी सोडून त्यांनी टिळक आदी सहकाऱ्यांसह जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढले. जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघाले. इंग्रजी शिक्षण आणि छापखाना ही राज्यकर्त्यांचीच साधने त्यांनी स्वाभिमानाच्या कामी लावली.

५/ पण हा स्वाभिमान कोणाचा? जोतीराव फुल्यांच्या लेखनाची ‘निबंधमाले’ने खिल्ली उडवली, त्यांच्या भाषेतील अशुद्धे काढली. ज्या परंपरेचा चिपळूणकरांना अभिमान होता, तिच्यातच फुल्यांना शूद्रातिशूद्रांची गुलामगिरी दिसत होती.

६/ ‘निबंधमाला’ चालू असतानाच, १२ मे १८७५ रोजी, कुरकुंभच्या आसपासच्या मुलखातील सुपे गावी बाजाराच्या दिवशी कर्जबाजारी शेतकरी सावकारांवर चालून गेले. त्यांचा मुख्य रोख वह्या आणि कर्जरोखे यांवर होता. हे लोण शिरूरपर्यंत पोहोचले. भाषा आणि इतिहासाच्या अभिमानात या शेतकऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. त्याचे दुःख फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये मांडले.

७/ १७ मार्च १८८२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी चिपळूणकर गेले. परतंत्र समाजाला ताठ मानेची गरज असते, हे त्यांनी ओळखले. त्या समाजातल्याच कित्येकांच्या माना परंपरेनेही वाकवल्या होत्या, हे मात्र त्यांनी मानले नाही. म्हणून त्यांना वाचावे, आणि शेजारी फुलेही ठेवावेत. (समाप्त)