एक इतिहास, दोन कादंबऱ्या आणि एक सांगाडा

संशोधनाची तयारी करताना कादंबऱ्या वाचणं म्हणजे वेळ वाया घालवणं, असं बरेच जण मानतात. मला तसं वाटत नाही. एकाच इतिहासातून निघालेल्या दोन कादंबऱ्या घेऊन बघू.

१४५५ पासून तीसेक वर्षं इंग्लंडच्या गादीसाठी लँकेस्टर आणि यॉर्क ही घराणी लढली. १४८३ मध्ये यॉर्क घराण्याचा तिसरा रिचर्ड राजा झाला. लंडनच्या टॉवरमध्ये ठेवलेले त्याचे दोन लहान पुतणे त्यानंतर कुणाला दिसलेच नाहीत.

जोसेफिन टे यांच्या ‘द डॉटर ऑफ टाइम’ (१९५१) मध्ये हॉस्पिटलात अंथरुणाला खिळलेला पोलीस अधिकारी याचा तपास करतो. त्याची पद्धत तुमच्या कामाची आहे: हे सांगणारा माणूस तेव्हा कुठे होता? रिचर्डला खुनी ठरवणारा प्रसिद्ध वृत्तांत थॉमस मोर यांचा. पण १४८३ मध्ये मोर जेमतेम ५ वर्षांचे होते! म्हणजे सगळं ऐकीव.

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी याच लढायांवरून प्रेरणा घेऊन ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ (१९९६) लिहिली. तिथे पुरावा लागत नाही, सुसंगती लागते. वर्षानुवर्षं चालणारा हिवाळा आपण मान्य करतो; मग मात्र लेखकाने स्वतःचे नियम पाळायलाच हवेत. विज्ञानात आपण मॉडेल बांधतो तेही असंच.

गोची इथेच आहे. टे यांचा अधिकारी शेवटी सातव्या हेन्रीला दोषी ठरवतो. मांडणी इतकी चपखल आहे की त्यालाही थेट पुरावा नाही, हे आपण विसरतो. चपखल बसलं म्हणजे खरं ठरलं, असं नसतं.

२०१२ मध्ये लेस्टर शहरात एका कार पार्कखाली रिचर्डचा सांगाडा सापडला, डीएनए जुळला. पाठीचा कणा खरोखरच वाकडा होता. रिचर्डचे अनेक समर्थक ही निव्वळ बदनामी समजत होते. पण मोर यांनी सांगितलेला वाळलेला हात? दोन्ही हात व्यवस्थित होते. एकाच लेखकाचं एक विधान बरंचसं टिकलं, दुसरं पडलं. आणि पुतण्यांचं काय झालं, ते ही हाडं सांगू शकत नाहीत.

म्हणून पुढचा शोधनिबंध वाचताना प्रत्येक विधानापुढे दोन खुणा करा: जुळतंय का, आणि पुरावा आहे का? पहिली खूण बघून दुसरी करू नका.