चुकलेल्या पत्राचा धनी कोण?

चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या पत्राला टपालात परतीची वाट असते. ई-मेलला ती नाही. या फरकाचा परिणाम आपणांस २००९ मधील एका अमेरिकन खटल्यात दिसतो. वायोमिंगमधील रॉकी माउंटन बँकेच्या कर्मचाऱ्याने ऑगस्टमध्ये एका ग्राहकाने मागितलेली कर्जविवरणे भलत्याच जीमेल पत्त्यावर पाठवली. सोबत १३२५ व्यक्ती व व्यवसायांच्या खात्यांचा तपशीलही गेला : नावे, पत्ते, करक्रमांक, कर्जे. मेल मागे घेण्याचा प्रयत्न फसला. 'न उघडता नष्ट करा' या विनंतीला उत्तर आले नाही. कायदेशीर आदेशाविना खातेदाराची ओळख देण्यास गूगलने नकार दिला, तेव्हा बँक न्यायालयात गेली. सप्टेंबरमध्ये न्यायमूर्ती जेम्स वेअर यांनी ते खातेच बंद करण्याचा आदेश दिला. पुढे कळले, की मेल कोणी उघडलाच नव्हता. तो काढून टाकून खाते पूर्ववत करण्यात आले.

ग्राहकांचे गुपित राहिले, हे बरेच झाले. परंतु प्रेषकाच्या चुकीची शिक्षा खातेदाराने भोगली, आणि तो त्या खटल्यात पक्षकारही नव्हता. पत्रावर लिहिणाऱ्याचा हक्क कुठवर आणि ते ज्याच्या हाती पडते त्याचा कुठवर, हा प्रश्न पत्रवाङ्मयाच्या अभ्यासकांना परिचितच आहे. न्यायालयाने येथे दिलेले उत्तर सोयीचे होते. न्याय्य होते, असे आम्हांस वाटत नाही.