दोन समुद्रांमधली वाट



मागच्या व्याख्यानानंतर, आम्ही चपला शोधत होतो तेव्हा, एका श्रोत्याने गाठून विचारलं, "सर, सोपाऱ्याला उतरलेला व्यापारी दख्खन ओलांडून थेट आंध्राच्या किनाऱ्यावर जात असे का? आणि तिथून पुढे पुन्हा गलबतात?" उशीर झाला होता, रिक्षा उभी होती. आम्ही म्हणालो, "हो, बहुधा." घरी गेल्यावर ते 'बहुधा' आम्हाला बोचायला लागलं. कारण हेच उत्तर आम्ही वर्गात वर्षानुवर्षं दिलेलं आहे. विषय आमचा तत्त्वज्ञान, पण प्राचीन भारतीय संस्कृतीचा एक पेपर आमच्याकडे असायचा. फळ्यावर आम्ही खडूने एक सलग रेघ ओढायचो: सोपारा, कल्याण, नाणेघाट, जुन्नर, पैठण, तेर आणि तिथून सरळ कृष्णेच्या मुखापर्यंत. मुलं ती वहीत उतरवून घ्यायची. आज ती रेघ पुन्हा तपासायची आहे.

आधी जमीन कशी आहे ते बघू. दख्खनचं पठार पूर्वेकडे कललेलं आहे. त्र्यंबकेश्वरापासून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ८० किलोमीटर. पण तिथे उगम पावलेली गोदावरी त्या समुद्राकडे पाठ फिरवते आणि १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. कृष्णा, भीमा यांचंही तेच. म्हणजे पश्चिमेचा समुद्र हाकेच्या अंतरावर आणि पाणी मात्र सगळं पूर्वेला. नकाशा पाहिला की वाटतं, वा, होडीत बसावं आणि उतरावं आंध्रात! पण पैठणच्या वाळवंटात उन्हाळ्यात उभं राहून बघा. पावसाळ्यात पूर, उन्हाळ्यात खडक आणि डोह. मालाने भरलेली नाव तिथून शेकडो मैल जाणं शक्य नव्हतं. वरच्या अंगाला नदीने तीन गोष्टी दिल्या: दिशा, पिण्याचं पाणी आणि बैलांना चारा. नाव लागायची ती नदी ओलांडायला. नदीतून खरी मालवाहतूक सुरू होते ती पार खाली, मुखाकडच्या सपाट मुलखात. तेव्हा आपल्याकडचा 'नदीमार्ग' म्हणजे नदीकाठचा मार्ग, एवढं पक्कं धरून चालू.

आता नाणेघाट. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा तिशीत होतो, शेवटचे गेलो तेव्हा साठी ओलांडली होती, आणि दुसऱ्या खेपेला एक गोष्ट गुडघ्यांनी शिकवली: इथून गाडी चढत नाही. कोकणातून वर येणारा माल बैलाच्या नाहीतर माणसाच्या पाठीवरच यायला हवा. वर जुन्नरच्या पठारावर आल्यावर गाडी जुंपता येते. म्हणजे घाटमाथ्यावर माल उतरवणं, मोजणं, पुन्हा लादणं आलंच. आमचा तर्क असा की जुन्नरच्या भरभराटीचं एक कारण हेच. जुन्नरभोवती दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. त्यांतल्या एका लेखात धान्य-व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याची पोढी, म्हणजे टाकं, दान दिल्याची नोंद आहे. हे रोमच्या सोन्याचे व्यापारी नव्हेत बरं का, धान्याचे!

नाणेघाटाच्या तोंडाशी तो दगडी रांजण आहे, त्यात जकात टाकत असत असं सगळेच सांगतात. आम्हीही सांगितलं आहे. पण शेजारच्या गुहेत राणी नागनिकेचा जो मोठा लेख आहे त्यात जकातीचा शब्द नाही. यज्ञ आहेत, दक्षिणा आहे, हजारोंनी गाई, घोडे, हत्ती, कार्षापणे आहेत. शिवाय सिमुक, सातकर्णी, खुद्द नायनिका यांचे पुतळे होते. आज मूर्ती गेल्या, नावं आणि पावलांच्या खुणा उरल्या. वाटेच्या नेमक्या अरुंद जागी राजाने आपलं सगळं कुटुंब उभं केलं, यावरून ती वाट किती महत्त्वाची होती ते कळतं. त्यासाठी रांजणाची गरज नाही.

आता आपला मुख्य साक्षीदार, 'पेरिप्लस'. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या, ग्रीक लिहिणाऱ्या, इजिप्तकडून येणाऱ्या माणसाने केलेलं हे समुद्रप्रवासाचं टिपण. नाव माहीत नाही. पण माणूस हिशेबी. तो सांगतो, भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. पैठणहून अकीकासारखा दगड मोठ्या प्रमाणात येतो, तगरहून जाडंभरडं कापड आणि तलम वस्त्रांचे नाना प्रकार. सगळं गाड्यांतून, धड वाट नसलेल्या मोठ्या मुलखातून, भडोचला येतं.

हे तगर म्हणजे कोणतं, यावर एकेकाळी विद्वानांची जुंपली होती. कोणी देवगिरी म्हटलं, कोणी जुन्नर, कोणी धारूर. १९०१ साली फ्लीट यांनी ते धाराशिवजवळचं तेर हे दाखवून दिलं आणि आज बहुतेक सगळे तेच मानतात. आपण जरा हिशेब करून बघू. भडोच ते पैठण सरळ रेषेत साधारण ३५० किलोमीटर, वीस दिवसांनी भागा: रोजचे साडेसतरा. पैठण ते तेर साधारण १५०, दहा दिवसांनी भागा: रोजचे पंधरा. प्रत्यक्ष वाट वळणाची, म्हणजे थोडं जास्तच. लादलेल्या बैलगाडीची चाल तेवढीच असते. दिशा थोडी चुकली आहे, तेर पूर्वेला नसून आग्नेयेला आहे, पण बंदरात बसून गाडीवानांना विचारून लिहिणाऱ्याला एवढी चूक माफ.

मात्र इथेच आमच्या खडूच्या रेघेला पहिला तडा जातो. पैठणहून कल्याण सरळ रेषेत २४० किलोमीटरच्या आसपास. मग शंभरेक किलोमीटर जास्त चालून भडोचला कशाला जायचं? तेही भडोचचं बंदर सोपं असतं तर गोष्ट वेगळी. हाच लेखक सांगतो की नर्मदेचं मुख धोक्याचं, गाळाचे उंचवटे, भरतीचा लोंढा असा की नांगरलेलं जहाज उलटावं. राजाचे कोळी मोठ्या होड्या घेऊन पुढे येतात आणि परदेशी जहाजांना वाट दाखवत, ओढत आत नेतात. निसर्गाने निवड केली असती तर कल्याणचीच केली असती.

उत्तर पुढच्याच परिच्छेदात आहे. थोरल्या सातकर्णीच्या काळात (ग्रीक लेखक त्याला सारगानोस म्हणतो) कल्याण ही रीतसर बाजारपेठ होती. नंतर ती संदनेस नावाच्या कोणाच्या ताब्यात गेली आणि व्यापार अडवला गेला. चुकून एखादं ग्रीक जहाज तिथे लागलंच, तर पहारा बसवून त्याला भडोचला नेतात. मंडळी, केवढी मोठी गोष्ट आहे ही! दोन राजांच्या भांडणात सह्याद्रीतला सगळ्यात सोयीचा घाट परदेशी मालापुरता आंधळा झाला. पैठणच्या गाडीवानाने बैलांची तोंडं वायव्येला वळवली आणि गुमान वीस दिवस चालला. जोगलटेंभीला १९०६ साली नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३,००० हून अधिक. त्यांतल्या ९,००० वर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला आहे. हे भांडण त्या नाण्यांवर बोटाने चाचपता येतं.

पण राजे नुसते वाट अडवत नसत. याच नहपानाचा जावई उषवदात. नाशिकच्या लेण्यातला त्याचा लेख आम्हाला फार आवडतो, कारण त्यात वाटसरूच्या पायाला लागणाऱ्या गोष्टी आहेत. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा, दाहनुका या नद्यांवर त्याने फुकट नावा ठेवल्या आणि दोन्ही काठांवर निवारे आणि पाणपोया केल्या. भडोच, दशपूर, गोवर्धन, शूर्पारक इथे चौक असलेली विश्रामघरं बांधली. दमणा म्हणजे दमणगंगा, दाहनुका डहाणूची. भडोचहून सोपाऱ्याकडे किनाऱ्याने पायी निघालेल्याला ज्या नद्या आडव्या येतात, त्यांची ही यादी आहे! धर्मकृत्य म्हणून केलं, पुण्यासाठी केलं, हे खरंच. पण त्या नावेत ब्राह्मण, भिक्षू आणि गठ्ठेवाला व्यापारी तिघंही बसले असणार. याच उषवदाताने गोवर्धनला विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३,००० कार्षापणे कायम ठेव म्हणून ठेवली: २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने, १,००० पाऊण टक्क्याने. व्याजातून भिक्षूंची वस्त्रं आणि किरकोळ खर्च. कापड विणणारेच पेढीवाले. बँकेत रांग लावताना आम्हाला हे नेहमी आठवतं.

आता पूर्वेकडे वळू. पेरिप्लसमध्ये तगरच्या मालाच्या यादीला एक शेपूट आहे. समुद्रकाठच्या भागांतून तिथे येणारा काही माल, असा त्याचा आशय. कुठला समुद्रकाठ? कोकणचा असेल तर तो माल घाट चढून तेरपर्यंत जाणार आणि तिथून उलटा महिनाभर चालून भडोचला येणार? कुठलाही शहाणा वाणी असं करणार नाही. म्हणून हा काठ पूर्वेचा असावा, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं आणि आम्हालाही पटतं. तेरच्या उत्खननात आऱ्यांच्या चाकासारख्या आराखड्याचा विटांचा स्तूप मिळाला. ही बांधणी भट्टिप्रोलू, नागार्जुनकोंडा या कृष्णाकाठच्या ठिकाणांची खास ओळख. माल येतो तिथे गवंड्याची रीतही येते. त्याच तेरला शंखाच्या बांगड्या आहेत, भूमध्य समुद्राकडच्या मद्यकुंभांच्या खापऱ्या आहेत. दोन्हीकडचे समुद्र या गावात भेटतात, आणि गावाला स्वतःचा समुद्र नाही.

तेरच्या पुढे एकच वाट नव्हती. एक फाटा मांजरेच्या बाजूने कोंडापूरकडे. एक भीमेच्या खोऱ्यात, सन्नतीला, जिथे कनगनहळ्ळीच्या स्तूपावर सातवाहन राजे नावानिशी कोरलेले आहेत; भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा अमरावतीला. उत्तरेला पैठणहून गोदावरीच्या काठाकाठाने कोटिलिंगालाकडे जाणारा आणखी एक. अमरावतीला लागूनच धरणीकोट, जुनं धान्यकटक. तिथे खणल्यावर नदीला जोडणारा पाण्याचा मार्ग आणि माल उतरवायचा धक्का मिळाला, आधी लाकडी खांबांचा, नंतर विटांचा. इथे नदी खऱ्या अर्थाने वाट झाली. त्याच्याही खाली घंटसाल. टॉलेमीने या किनाऱ्यावरच्या बाजारपेठांत त्याचं नाव घेतलं आहे, आणि जवळच ती जागा सांगितली आहे जिथून जहाजं किनारा सोडून सुवर्णभूमीकडे निघत. घंटसालच्या एका लेखात 'महानाविक' हा शब्द येतो. पुळुमावी, यज्ञ सातकर्णी या राजांची दोन डोलकाठ्यांच्या जहाजाची शिशाची नाणी याच पूर्व किनाऱ्याच्या पट्ट्यात मिळतात.

तर आता त्या श्रोत्याच्या प्रश्नाचं उत्तर. सोपाऱ्याहून आंध्रापर्यंत एकटाच गेलेला व्यापारी आम्हाला एकाही लेखात भेटलेला नाही. भेटतात ते तुकड्या-तुकड्यांचे लोक. घाटातला लमाणासारखा बैलवाला, जुन्नरचा धान्यवाला, गोवर्धनचा विणकर, तेरचा शंख कापणारा, धरणीकोटचा तांडेल. चांदीचं नाणं शिशाचं होतं, गाडीचा बैल होतो, बैलाची नाव होते. माल मात्र हातोहात पुढे सरकतो. वैशेषिकांकडे संबंधाचे दोन प्रकार आहेत. समवाय, जो तुटत नाही, आणि संयोग, जो दोघांतला एक हलला की संपतो. आम्ही फळ्यावर समवाय काढत होतो. होता तो संयोग. कल्याण बंद झालं तेव्हा तो एका टोकाला सुटला आणि भडोचला पुन्हा जोडला गेला. रोज जोडावा लागणारा संबंध. म्हणून नावाड्याला पगार, पाणपोईला पाणी, टाक्यातला गाळ काढणं, हे ज्याने केलं त्याच्याकडे इतिहास लिहिताना आम्ही पुरेसं पाहिलं नाही, याची खंत आहे.

हातोहात गेलेल्या एका वस्तूची गोष्ट सांगतो आणि थांबतो, घड्याळ दाखवलं जातंय. १९३८ साली इटलीतल्या पाँपेई शहरात, ज्वालामुखीच्या राखेखाली, हस्तिदंताची एक वीतभर स्त्रीमूर्ती मिळाली, अंगभर दागिने, बाजूला दोन दासी. भारतीय हे उघड. पाँपेई राखेत गाडलं गेलं इसवी सन ७९ मध्ये, म्हणजे ती त्याआधीच पोहोचलेली. तिच्याशी नातं सांगणाऱ्या हस्तिदंती बाहुल्या आपल्याकडे दोन ठिकाणी मिळाल्या, तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला. पण पाँपेईच्या मूर्तीवर खरोष्ठी अक्षर आहे, आणि ती लिपी वायव्येची. मग ती घडली कुठे, आणि किती हातांतून गेली? आता कोणी म्हणेल, सर, तेरहून निघाली, नाणेघाट उतरली, कल्याणला जहाजात चढली. नाही हो. कल्याण बंद होतं ना! गेलीच असेल तर भडोचच्या वाटेने, वीस दिवस, गाडीत गवताच्या गादीवर.

तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं संग्रहालय आहे. तिथली बाहुली जाऊन बघा. सोलापूरहून जाता येतं, लातूरहूनही. पुढच्या वेळी आपण पालघाटची खिंड आणि कावेरीचं मुख घेऊ. तिथली वाट फार लहान आहे, आणि तिचे प्रश्न वेगळे आहेत.