कुडा लेणी व मांदाड परिसर

रायगड जिल्ह्यातील बौद्ध लेण्यांचा समूह व त्याच्या पायथ्याचा प्राचीन वस्तीप्रदेश. रोह्याच्या दक्षिणेस, आजच्या तळा तालुक्यात, राजपुरी खाडीच्या फाट्यावरील टेकडीत २६ लेणी व पाण्याची टाकी खोदलेली आहेत. खोदकामाचा मुख्य काळ इसवी सनाची पहिली काही शतके. चैत्यगृहे सपाट छताची आहेत.

कुड्याचे खरे धन तेथील ब्राह्मी लेख. जेम्स बर्जेस व भगवानलाल इंद्रजी यांनी ते १८८१ मध्ये प्रसिद्ध केले; ल्यूडर्सच्या १९१२ च्या सूचीतही ते आहेत. या लेखांत राजेरजवाड्यांपेक्षा कामकरी व व्यापारी माणसेच जास्त भेटतात : माळी, वैद्य, श्रेष्ठी, सार्थवाह, भिक्षुणी, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी. एका चैत्यगृहाची दात्री भयिला ही ब्राह्मण उपासिका आहे. सहाव्या लेण्यातील लेख तर एका घराची वंशावळच मांडतो. मांदव घराण्यातील महाभोज खंदपालित याच्या पदरचा लेखक शिवमा याने हे लेणे दिले. शिल्पकाम त्याची पत्नी विजया व मुलांनी करविले आणि खांब मुलींनी दिले. चार मुलींची नावे दगडात स्वतंत्रपणे कोरलेली आहेत. शिवमाचा थोरला भाऊ शिवभूती, तोही लेखकच. पहिले लेणे त्याचे. सहाव्या लेण्यातील बुद्धमूर्ती मात्र बऱ्याच नंतरच्या, साधारण पाचव्या-सहाव्या शतकातील.

एवढे दान करणारी माणसे राहत कुठे, हा प्रश्न खाडीकाठच्या मांदाडकडे नेतो. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात सेमिल्ला म्हणजे चौलनंतर मंदगोरा हे बंदर येते. ते मांदाडच, असे अनेक अभ्यासक मानतात. काहींच्या मते ते बाणकोट. मांदव हे घराण्याचे नाव आणि लेण्यांची जवळीक पाहता मांदाडचा दावा अधिक सबळ वाटतो. कऱ्हाडचा दाता इथवर आला, यावरून घाटमाथ्याशी असलेला राबताही उघड होतो. अशा बंदरवस्तीचा पुरावा जमिनीखाली मिळू शकतो, हे चौलवरून दिसते : तेथे डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात सातवाहनकालीन वस्तीचे थर मिळाले आहेत.

लेणी केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. तथापि दात्यांची घरे, धक्के व बाजार यांचा पुरावा सखल जमिनीतच सापडू शकतो. म्हणून खाडीकाठी कोणतेही मोठे खोदकाम वा भराव होण्यापूर्वी त्या जमिनीची शास्त्रीय पाहणी व्हायलाच हवी.