पुस्तकातला सूर्य आणि परभणीचा सूर्य

हल्ली खिशातल्या फोनमध्येच कॅमेरा येऊन बसला आहे. त्यामुळे फोटो काढणे सर्वांना येते. फोटोग्राफी येते असे म्हणणारे मात्र पूर्वीइतकेच थोडे. मग एखादा होतकरू मुलगा विचारतो, "काका, शिकण्यासाठी एखादे चांगले पुस्तक सांगा ना." आमच्या परभणीत हा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला आहे. एक नाव सांगून मोकळे होणे सोपे. पण खरे उत्तर द्यायचे तर थोडे इतिहासात शिरावे लागते.

या कलेचे पहिले शिकवणीचे पुस्तक खुद्द संशोधकानेच लिहिले. फ्रान्समध्ये लुई दाग्येर याची कृती १८३९ च्या ऑगस्टमध्ये जाहीर झाली आणि त्याच वर्षी त्याची माहितीपुस्तिका निघाली. चांदीचा मुलामा दिलेला पत्रा कसा घासावा, त्याला आयोडिनची वाफ कशी द्यावी, पाऱ्याच्या वाफेवर चित्र कसे उमटवावे, हे सारे त्यात होते. पाहता पाहता ती पुस्तिका अनेक भाषांत गेली. आपल्याकडेही ही विद्या उशिरा आली नाही. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या कामात पुढे होते.

मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात. तेथील दरबारी छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांचे नाव सर्वश्रुत आहे. रुडकीला शिकलेला आणि इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी करणारा हा माणूस छायाचित्रणाकडे वळला, आणि सहाव्या निजामाने त्यांना राजा ही पदवी दिली. पण दीनदयाळांची कला हैदराबादेत, आणि परभणीचा मुलगा परभणीत! १९४८ पूर्वी त्याची स्थिती अशी, की घरात मराठी, शाळेत उर्दू आणि फोटोग्राफीचे पुस्तक इंग्रजीत. तीन उंबरठे ओलांडावेत तेव्हा कोठे पहिले पान कळायचे.

तरीही पुस्तकावरून शिकता येते की नाही? येते. याचा सर्वांत मोठा दाखला आपल्याच मराठी माणसाचा आहे. दादासाहेब फाळके आधी छायाचित्रकार होते. बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले आणि गोध्र्याला त्यांनी फोटोचा धंदाही केला. १९११ च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट त्यांनी पाहिला आणि त्यांना चलच्चित्रांचा ध्यास लागला. मग 'एबीसी ऑफ सिनेमॅटोग्राफी' हे पुस्तक मिळवून त्यांनी अभ्यास सुरू केला. १९१२ मध्ये ते लंडनला गेले, तेव्हा वॉल्टन येथे सेसिल हेपवर्थ यांनी त्यांना आपला स्टुडिओ दाखविला. मौज अशी, की याच हेपवर्थनी १८९७ साली या विद्येचे 'एबीसी' पुस्तक लिहिले होते. दादासाहेबांनी वाटाण्याचे बी पेरून त्याच्या अंकुराची वाढ कॅमेऱ्याने टिपली, ती त्याच सुमारास. पुढे ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. पुस्तकाने वाट दाखविली. चालणे मात्र त्या वाटाण्याच्या कुंडीपासून सुरू झाले.

आता आमच्या परभणीच्या अडचणीकडे वळू. इंग्रजी पुस्तके लिहिली गेली ती इंग्लंडच्या हवेत. फिल्म धुण्याचे द्रावण ६८ अंश फॅरनहाइटला, म्हणजे २० सेल्सिअसला ठेवावे, असे ती सांगत. आमच्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर चढतो! फिल्मवरचा जिलेटिनचा थर गरम पाण्यात फुगतो, मऊ पडतो, कडेने सुटूही लागतो. म्हणून भांडे बर्फात ठेवायचे आणि तुरटीच्या जातीची क्षारद्रव्ये घालून तो थर कडक करायचा. ज्या पुस्तकात उष्ण प्रदेशासाठी हे प्रकरण नव्हते, ते आम्हांला अर्धेच उपयोगी.

दुसरी गोष्ट सूर्याची. लंडनला भर उन्हाळ्यातही माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून बासष्ट अंशांवर जात नाही. परभणी सव्वाएकोणीस अक्षांशांवर. येथे मेच्या मध्यास तो नेमका डोक्यावर येतो. 'सूर्य पाठीशी ठेवा' हा तिकडचा उपदेश दुपारी बारा वाजता येथे पाळायचा तरी कसा? भुवयांची सावली डोळ्यांत पडते आणि चेहऱ्याचा मुखवटा होतो. माणसाला ओसरीच्या सावलीत बसवावे, अंगणातला परतलेला उजेड त्याच्या तोंडावर घ्यावा, हे आपल्या घराकडे पाहूनच शिकावे लागते.

फिल्मची अडचण आता फोनवाल्या मुलाला उरलेली नाही. सूर्य मात्र तोच आहे. म्हणून पुस्तक निवडताना मी तीन कसोट्या सांगतो. पहिली, ते यंत्राविषयी बोलते की उजेडाविषयी? यंत्राचे पुस्तक चार वर्षांत जुने होते. इल्फर्डच्या १८९० च्या पुस्तिकेतील रसायने आज कोणी हाताळणार नाही, पण भिंगाचे नियम होते तेथेच आहेत. दुसरी, ते 'असे करा' एवढेच म्हणते की 'का' तेही सांगते? अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनी कॅमेरा, निगेटिव्ह आणि प्रिंट या विषयांवर तीन पुस्तके लिहिली. कळ दाबण्यापूर्वी पुरे चित्र मनात पाहावे, ही त्यांची शिकवण कोणत्याही कॅमेऱ्याला लागू पडते. तिसरी कसोटी, प्रत्येक प्रकरणानंतर ते आपल्याला उठवून बाहेर पाठविते का?

बाहेर पाठविण्याजोगे आमच्याकडे पुष्कळ आहे. चारठाण्याची जुनी मंदिरे आहेत, धारासूरला गोदाकाठचे गुप्तेश्वर आहे. मुलाला मी सांगतो, एकच कोरीव खांब घे. सकाळी सात, दुपारी बारा आणि संध्याकाळी पाच अशा तीन वेळी त्याचे फोटो काढ आणि शेजारी शेजारी मांड. बाराच्या उन्हात कोरीव काम सपाट दिसते की उठून दिसते, हे वहीत लिही. अशा गावोगावच्या शिळा झिजत चालल्या आहेत. त्यांची नीट टिपलेली छायाचित्रे उद्या पुराव्याचे काम करतील. तेव्हा ही विद्या नुसती हौसेची नव्हे.

आणि ही वही भरत गेली, की परभणीच्या उजेडाचे एक मराठी पुस्तक आपोआप तयार होईल. वाचकहो, दुकानात ते मिळायचे नाही. घरातल्या एखाद्या मुलाकडून या दिवाळीत त्याचे पहिले पान लिहून घ्या.