ऐपत आणि पराक्रम : महानायकांच्या भूमिकाखेळांतील द्रव्यविचार

द्रव्याविषयी एखाद्या समाजाची काय धारणा आहे, हे त्याच्या अर्थशास्त्रीय ग्रंथांवरून कळते. तसेच ते त्याच्या खेळांच्या नियमांवरूनही कळते. अमेरिकेत १९७० नंतर उदयास आलेल्या भूमिकाखेळांचे नियमग्रंथ या दृष्टीने अभ्यासनीय आहेत. या खेळांत चारसहा जण मेजाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो व बाकीचे एकेका पात्राची भूमिका घेतात. पात्राचे सामर्थ्य कागदावर अंकांनी नोंदलेले असते आणि त्याच्या कृतीचे यशापयश फाशांवर ठरते. यांपैकी सुपरहिरोंच्या, म्हणजे महानायकांच्या, खेळांत पात्राची संपत्ती व खरेदी यांची व्यवस्था कशी लावण्यात आली आणि त्या व्यवस्थेतून कोणता द्रव्यविचार व्यक्त होतो, एवढाच प्रश्न येथे विचारार्थ घेतला आहे.

या परंपरेचा आद्य ग्रंथ गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) होय. त्यात द्रव्याचा हिशेब नाण्यानाण्याने ठेवला जाई. भुयारातून आणलेल्या सुवर्णनाण्यांतून शस्त्रे व चिलखते विकत घेता येत. इतकेच नव्हे, तर मिळवलेल्या प्रत्येक नाण्यामागे अनुभवाचा एक गुण मिळून पात्राची उन्नती होई. धनप्राप्ती आणि सामर्थ्यवृद्धी या तेथे एकाच व्यवहाराच्या दोन बाजू होत्या.

हीच व्यवस्था महानायकांच्या कथेत आणली असता मात्र ती तत्काळ मोडते. दरोडेखोरांना पकडून त्यांच्याजवळील रक्कम स्वतःच्या खिशात घालणारा नायक हा नायकच राहत नाही. शिवाय १९३९ साली अवतरलेला बॅटमॅन हा अब्जाधीश आहे. संपत्तीने सामर्थ्य विकत मिळत असेल, तर त्याने आपल्या सर्व सहकाऱ्यांना चिलखती पोशाख आणि विमाने का घेऊन देऊ नयेत? नियमकारांना या प्रश्नाचे उत्तर देणे भागच होते.

मूळ चित्रकथांत द्रव्याला स्थान नाही असे मात्र नाही. ‘फँटॅस्टिक फोर’ या मालिकेच्या नवव्या अंकात (१९६२) सारा नायकसंघ दिवाळखोर होतो आणि त्यांचा शत्रू नेमोर चित्रपटाचे आमिष दाखवून त्यांना सापळ्यात ओढतो. स्पायडरमॅनच्या स्वतंत्र मालिकेच्या पहिल्या अंकात (१९६३) त्याला मिळालेला धनादेश बँकेत वटत नाही. कारण तो मुखवट्याच्या नावाने लिहिलेला असतो आणि मुखवट्याला ओळखपत्र नसते. १९७२ मध्ये आलेला ल्यूक केज तर मोबदला घेऊनच पराक्रम करतो. बुडवलेले दोनशे डॉलर वसूल करण्यासाठी तो थेट डॉक्टर डूमच्या राज्यात जाऊन धडकतो. या कथांत पैसा प्रसंग निर्माण करतो. तथापि नायकाच्या शिलकेचा हिशेब वाचकासमोर कधी मांडला जात नाही. प्रसंग ठेवावा आणि हिशेब टाळावा, हे नियमकारांपुढील खरे आव्हान होते.

त्याची तीन प्रमुख उत्तरे १९८० च्या दशकात दिली गेली. पहिले जॉर्ज मॅकडोनाल्ड व स्टीव्ह पीटरसन यांच्या ‘चॅम्पियन्स’चे (१९८१). यात खेळाडूस ठरावीक गुण मिळतात व त्यांतूनच पात्राच्या सर्व शक्ती घ्याव्या लागतात. एखादी शक्ती पात्राच्या अंगची असो वा त्याच्या हातातील यंत्राची, तिची किंमत गुणांतच द्यायची. यंत्र शत्रूला हिरावून घेता येते, एवढ्यासाठी काही सूट मिळते. डॉलर देऊन किरणबंदूक घेता येत नाही. पुढील आवृत्त्यांत श्रीमंतीदेखील थोडे गुण खर्चून घेण्याची गोष्ट झाली. अशा रीतीने पैसा हा विनिमयाचे माध्यम न राहता स्वतःच एक विकत घेण्याची वस्तू बनला.

दुसरे उत्तर जेफ ग्रब यांच्या ‘मार्व्हल सुपर हीरोज’ (१९८४) या खेळाने दिले. १९८६ च्या विस्तारित आवृत्तीत पात्राची साधनसंपत्ती बळाप्रमाणेच एका श्रेणीने दर्शविली जाते आणि वस्तूंच्या किमतीही श्रेणींतच असतात. किंमत आपल्या श्रेणीच्या बरीच खाली असेल तर वस्तू सहज मिळते. जवळपास असेल तर फासे टाकावे लागतात. फार वर असेल तर प्रश्नच मिटतो. शिल्लक उरत नाही आणि म्हणून ती मोजावीही लागत नाही. या खेळात काळजीपूर्वक मोजले जाते ते ‘कर्म’. सत्कृत्याने ते वाढते आणि कोणाचा जीव घेतल्यास ते सर्व नाहीसे होते. जमाखर्चाची वही तशीच राहिली. तीत नोंदायचे नाणे मात्र बदलले.

तिसरे उत्तर ग्रेग गॉर्डन यांच्या ‘डीसी हीरोज’चे (१९८५). यात प्रत्येक मापाचा एक अंक वाढला की मूळ राशी दुप्पट होते; पाच अंकांचा फरक म्हणजे बत्तीस पट. वजन, अंतर आणि काळ यांप्रमाणे संपत्तीही याच मापाने मोजतात. त्यामुळे सामान्य कारकून आणि अब्जाधीश एकाच लहानशा कोष्टकात बसतात. लाभाचे महत्त्व लाभणाऱ्याच्या आधीच्या संपत्तीवर अवलंबून असते आणि ते घातांकगणिताच्या या विपरीत क्रमानेच वाढते, असे डॅनिएल बर्नोली याने १७३८ मध्ये प्रतिपादिले होते. खेळाच्या सोयीसाठी योजलेले हे माप त्या सिद्धांताच्या अगदी जवळ येते.

मराठीत ‘पैसा’ आणि ‘ऐपत’ असे दोन शब्द आहेत व त्यांतील भेद येथे फार उपयोगी पडतो. पैसा मोजता येतो आणि खर्च केला की कमी होतो. ऐपत ही माणसाची योग्यता आहे. ती असली की खरेदी होते आणि खरेदी झाल्यावरही ती बहुधा तशीच राहते. भूमिकाखेळांचा १९७४ ते १९८६ हा प्रवास पैशाकडून ऐपतीकडे झालेला आहे. श्रीमंत मनुष्य रोकड मोजत नाही, त्याच्या नावावर व्यवहार होतो, हे सत्य या नियमांनी अचूक टिपले आहे.

परंतु येथेच त्यांची मर्यादाही आहे. ऐपतीची ही कल्पना श्रीमंताच्या अनुभवावर बेतलेली आहे. गरिबाला पैसा मोजावाच लागतो. या महिन्याचे भाडे दिले तर औषध राहते, ही त्याची कोंडी कोणत्याही श्रेणीत उतरत नाही. ‘गर्प्स’ (१९८६) या सर्वसाधारण पद्धतीत, जिचा महानायकांविषयीचा ग्रंथ १९८९ मध्ये निघाला, पूर्ण निष्कांचन पात्राला त्या उणिवेबद्दल पंचवीस गुण मिळतात आणि ते शक्ती घेण्यासाठी वापरता येतात. दारिद्र्य म्हणजे एकदाच भरपाई घेऊन विसरण्याची बाब, असा याचा अर्थ होण्याचा धोका आहे. सूत्रधार दक्ष नसेल, तर पात्राला पंचवीस गुण मिळतात आणि खेळात दारिद्र्य मात्र दिसत नाही.

या उणिवेवर स्टीव्ह केन्सन यांच्या ‘म्यूटंट्स अँड मास्टरमाइंड्स’च्या तिसऱ्या आवृत्तीने (२०११) काढलेला मार्ग लक्षणीय आहे. तीत सुस्थितीपासून अब्जाधीशापर्यंत श्रीमंतीच्या पाच पायऱ्या गुण देऊन घ्यायच्या असतात. उलट, पैशाची अडचण पात्राची ‘गुंतागुंत’ म्हणून नोंदता येते आणि ती खेळात प्रत्यक्ष आड येते त्या वेळीच खेळाडूला एक नायकगुण मिळतो. भरपाई आगाऊ मिळत नसल्यामुळे थकलेले भाडे कथेत पुनःपुन्हा दाराशी उभे राहू शकते. न वटलेल्या धनादेशाच्या १९६३ मधील प्रसंगाला न्याय देणारा नियम अशा प्रकारे बऱ्याच उशिरा हाती आला.

सारांश, महानायकांच्या खेळांनी द्रव्य आणि पराक्रम यांची फारकत केली, ती नीतीच्या दृष्टीने आवश्यकच होती. मात्र ती करताना श्रीमंताची ऐपत मापणे त्यांना लवकर साधले आणि गरिबाची ओढाताण मापणे उशिरा व अपुरे साधले. नियमग्रंथांतील किमतींची कोष्टके रुक्ष म्हणून उलटून टाकण्याची आपली सवय असते; परंतु कोणाचा पैसा मोजला जावा आणि कोणाचा गृहीत धरला जावा, या प्रश्नाचे त्या त्या काळाने दिलेले उत्तर त्याच पानांत नमूद झालेले आहे.