एल, आय आणि पुढे काहीच नाही

मशीन चालू होत नाही म्हटलं की फॉरमॅट मारायचा, हे आमच्या धंद्याचं बाळकडू. 1997 साली मी पनवेलमध्ये कॉम्प्युटर दुरुस्तीला लागलो, तेव्हा मालकाने पहिल्याच आठवड्यात तेच शिकवलं. विंडोज 95ची सीडी घालायची, दोन तासांत मशीन नव्यासारखं. फायली गेल्याचं गिऱ्हाइकाला घरी गेल्यावर कळायचं. आमचीही अडचण होती म्हणा. सुटे भाग आणायला लॅमिंग्टन रोड गाठावा लागे (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, तोंडात कायम लॅमिंग्टन). हार्बरची लोकल पनवेलला आली 1998 मध्ये. त्याआधी एका फेरीत अख्खा दिवस मोडायचा. कुणाच्या फायलींसाठी वेगळा वेळ काढायला सवड कुणाला?

माझी ही खोड मोडली ती लिनक्समुळे. पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सची सीडी मिळायची. तिच्यातून दुकानातल्या जुन्या पेंटियमवर लिनक्स चढवलं. तेव्हाचा बूटलोडर, म्हणजे सिस्टिम उठवणारा छोटा प्रोग्राम, लिलो, वेर्नर आल्मेसबर्गरने लिहिलेला. हा लिलो स्वतःचं नाव एकेक अक्षराने स्क्रीनवर लिहीत पुढे सरके. ‘एल’ उमटला की पहिला टप्पा सुरू झाला. ‘एल, आय’वर थांबला, तर दुसरा टप्पा आणला पण चालवता आला नाही. चारही अक्षरं आली की सुटलो. मी नव्या कर्नलबरोबर लिलोच्या फायलीही बदलल्या, ‘लिलो’ ही आज्ञा पुन्हा द्यायला विसरलो आणि मशीन अर्ध्या नावावर अडकलं. दुसरा टप्पा आणि कर्नल डिस्कवर नेमके कुठे आहेत, ते आकडे लिलो आधीच लिहून ठेवतो. घर बदललं तरी हा जुन्याच पत्त्यावर जाणार. फ्लॉपीवरून मशीन उठवलं, ती एक आज्ञा दिली, संपलं. एकही फाइल हलली नव्हती. त्या रात्री मला आधीचे सगळे फॉरमॅट आठवले.

हे टप्पे पडले ते जागेच्या टंचाईमुळे. जुन्या पद्धतीच्या डिस्कचा पहिला सेक्टर 512 बाइटांचा. पार्टिशनचा तक्ता 64 आणि शेवटची खूण 2 बाइट घेते, कोडला उरतात 446. यूटीएफ-8मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट खातं. म्हणजे तेवढ्या जागेत मराठीची जेमतेम 148 चिन्हं बसतील. म्हणून पहिला तुकडा फक्त दुसऱ्याला हाक मारतो.

मधली वर्षं विंडोजच्या ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ची. त्यावर लिहिण्यासारखं फार नाही. कितीदा तर आत फ्लॉपीच विसरलेली असायची.

लिलोच्या जागी ग्रब आला. तो फायली स्वतः वाचतो, म्हणून लिलोसारखा जुन्या पत्त्यावर फसत नाही, असं मी छातीठोक सांगत असे. ऑगस्ट 2020मध्ये ती छाती उतरली. लाईन आळीतले एक निवृत्त शिक्षक. जानेवारीत विंडोज 7चा आधार संपला, तेव्हा त्यांच्या जुन्या मशीनवर मीच लिनक्स घातलं होतं आणि पुढे हार्डडिस्कची हुबेहूब नक्कल करून एसएसडी बसवली होती. त्यावर त्यांच्या घराण्याचा कुलवृत्तांत टाइप होत होता. सकाळी अपडेट घेतलं आणि पडद्यावर आलं: ‘सिम्बॉल ग्रब_कॅलॉक नॉट फाउंड’. खाली ‘ग्रब रेस्क्यू’ आणि लुकलुकणारी रेघ.

“गेलं का रे सगळं?” मास्कआडून सरांनी विचारलं.

“नाही सर. आत सगळं जागेवर आहे.”

29 जुलैला ‘बूटहोल’ नावाची ग्रबमधली सुरक्षेची फट जगजाहीर झाली आणि दुरुस्त्या घाईने बाहेर पडल्या. सरांच्या मशीनवर ग्रब कुठल्या डिस्कच्या तोंडाशी लिहायचा, याची नोंद मी काढून टाकलेल्या जुन्या डिस्कच्या नावावरच राहिली होती. परिणामी फोल्डरातले ग्रबचे मोड्यूल नवे झाले, एसएसडीच्या तोंडाशी गाभा मात्र जुनाच. पनवेल पूर्वी बैलगाडीच्या चाकांसाठी नावाजलेलं. आख जुना, चाक दुसऱ्याच मापाचं, अशी ती गाडी झाली होती.

पेनड्राइव्हवरून लिनक्स उठवलं. सरांचं पार्टिशन माउंट केलं आणि आधी कुलवृत्तांत दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून त्यांच्या हातात दिला. मग डेव्ह, प्रॉक आणि सिस हे फोल्डर आत जोडून सीएचरूटने त्यांच्याच सिस्टिममध्ये शिरलो, ‘ग्रब-इन्स्टॉल’ दिलं. आज्ञेत अख्ख्या डिस्कचं नाव द्यायचं, पार्टिशनचा आकडा लावायचा नाही. इथे भले भले चुकतात. शेवटी ती जुनी नोंद सुधारली, नाहीतर पुढच्या अपडेटला पुन्हा हेच. पाऊण तास लागला. मजुरी घेतली नाही, चूक माझी होती.

ऑगस्ट 2024मध्ये विंडोजच्या एका अपडेटने जुन्या बूटलोडरांवर बंदी आणली आणि दोन्ही सिस्टिम असलेल्या कित्येक मशीनांवर लिनक्स उठेना. तेव्हाही फायली जागच्या जागी होत्या, तेव्हाही दुकानांत फॉरमॅट मारले गेले. म्हणून सांगतो: समोरचा ‘फॉरमॅट मारू’ म्हणाला, तर आधी डिस्क दुसऱ्या मशीनला लावून तुमचे फोल्डर उघडून दाखवायला सांगा. तो नाही म्हणाला, तर मशीन उचला आणि दुसरं दुकान बघा.